मोठ्या खोलीचे अभ्रे

“आजपासून या घरात सेकंड माल चालणार नाही!”

अण्णांनी हे जाहीर केलं तेव्हा ते जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे होते. उजवा हात कठड्यावर, डावा हात छताकडे, आणि आवाज असा की खाली कारखान्यात खिळ्याला टांगलेल्या कात्र्यांनी दचकून एकमेकींकडे पाहिलं असेल. घराण्याच्या इतिहासात एवढं मोठं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

“अण्णा,” थोरली सून खालून म्हणाली, “बनियन उलटं घातलंय.”

अण्णांनी मान खाली घालून पाहिलं. शिवण बाहेर होती. जन्मभर शिवणीचा धंदा केलेल्या माणसाला यावर काही बोलता येत नाही. ते आत गेले, बनियन सुलटं करून आले, पुन्हा डावा हात वर केला. पण भाषणातली वाफ एकदा गेली की परत धरत नाही.

“मी काय म्हणत होतो?”

“सेकंड माल.”

“हां. चालणार नाही. आणि मोठी खोली मी सोडतोय. जिना आता मला ओळख दाखवत नाही. मी खाली कापणीच्या टेबलापाशी खाट टाकेन. तुमच्यापैकी कोण वर जायचं ते संध्याकाळी सांगतो. त्याआधी त्या खोलीला अभ्रे हवेत. नवे, सुती, पहिल्या नंबरचे. आज रविवार आहे, मशिनं मोकळी आहेत. निवडा कापड!”

एवढं बोलून अण्णा चहा मागायला खाली आले. थोरलीने चहा दिला, पण तिचा हात कपाच्या कानाला जरा जास्तच वेळ धरून राहिला.

जगातली बरीच घराणी तलवारीवर उभी राहिली. हे घराणं उशीच्या अभ्र्यावर उभं होतं. खरं म्हणजे उभं म्हणण्यापेक्षा रेललेलं होतं. तीन पिढ्या यांनी गावभरच्या उशांना कपडे घातले. हॉटेलं, वसतिगृहं, प्रसूतिगृहं, नवी जोडपी, जुनी जोडपी, कुणाचंही डोकं टेकलं की खाली यांची शिवण. आणि घरात? घरात अण्णांच्या वडिलांचा कायदा: चांगला माल गिऱ्हाइकाचा, बिघडलेला घरचा. त्यामुळे या घरातल्या एकाही माणसाने आयुष्यात सरळ अभ्र्यावर डोकं ठेवलेलं नव्हतं. कुणाच्या अभ्र्याचे पट्टे उतरणीला लागलेले, कुणाच्या मागची घडी आखूड, तर कुणाचं एक टोक दुसऱ्याशी बोलत नसलेलं. अभ्रा वाकडा निघाला की त्याच्या मापाने कापूस भरून उशी वाकडी करायची, ही घरची पद्धत. कापूस बिचारा सांगाल तसा वाकतो. अंधारातसुद्धा प्रत्येकाला आपली उशी हाताला कळायची.

माल बिघडलेला आहे की नाही हे ठरवण्याचं काम थोरलीकडे होतं. इस्त्रीच्या टेबलाशी तिच्या डाव्या हाताला निळ्या खडूचा तुकडा असे. अभ्रा उलटायचा, पट्टी लावायची, चारही कोपरे एकमेकांवर आणायचे. जुळले तर गठ्ठ्यात, नाही तर कोपऱ्यावर निळी फुली आणि घरात. लग्न होऊन आली तेव्हा हे काम सासूबाईंनी तिच्या हातात दिलं होतं आणि वर एवढंच म्हणाल्या होत्या, “नात्यागोत्याकडे बघू नकोस, पट्टीकडे बघ.” सासूबाई गेल्या, पट्टी राहिली.

आणि या वर्षी निळा खडू फार लवकर झिजत होता.

कारण उघड होतं आणि म्हणूनच कुणी ते उघड करत नव्हतं. मोठ्या ऑर्डरीचं कापड अजून अण्णाच कापत. गावात त्यांना कात्रीमास्तर म्हणत, आणि एके काळी ते डोळे मिटूनही कापडाच्या धाग्याची रेघ सोडत नसत. आता डोळे उघडे ठेवूनही कात्री थरथरत पुढे जायची आणि मध्येच वळण घ्यायची. थोरली फुली मारायची. फुल्या घरात यायच्या. वर्षभरात प्रत्येकाच्या उशीवर नवा अभ्रा आला, मग त्याच्यावर आणखी एक, मग कपाटात. जेवताना कुणी बोलायचं नाही. अण्णाही नाही. पण गेल्या काही महिन्यांत ते तिला ‘थोरले’ अशी हाक मारेनासे झाले होते. ‘अगं ए’ म्हणत. थोरलीने मनात जे समजायचं ते समजून घेतलं होतं.

आणि आता मोठी खोली.

थोरलीची स्वतःची खोली कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून होती. भिंतीपलीकडे वाफेच्या इस्त्रीचा बंब. घरात त्या खोलीला सगळे भट्टी म्हणत, ज्यांना तिथे झोपायचं नसे ते तर कौतुकाने म्हणत. खिडकी नव्हती. थोरला, म्हणजे तिचा नवरा, दिवसभर कापसाच्या धुळीत उभा राहायचा आणि रात्रभर भट्टीत खोकायचा. डॉक्टरने औषध दिलं होतं आणि वर म्हटलं होतं, “खिडकीपाशी झोपवा हो यांना.” जणू खिडकी औषधाच्या दुकानात मिळते. वरच्या मोठ्या खोलीला दोन खिडक्या होत्या, समोरासमोर. थोरली तिथे झाडायला गेली की केरसुणी हातात धरून दोन्ही खिडक्यांच्या मध्ये उगाच थांबायची.

चहा होताच मंडळी कापणीच्या लांब टेबलाभोवती जमली. कपाटातून ताग्यांवर तागे निघाले. धाकट्या जावेने आधीच एक तागा बाजूला काढून ठेवला होता. फिका हिरवा, मऊ, अंगावर चमक असलेला.

“सॅटिन विणीचा आहे, पण शंभर टक्के सुती,” ती म्हणाली. “भोवती चांगली रुंद झालर. मोठ्या खोलीला शोभा यायला नको का? अण्णा इतकी वर्षं त्या खोलीत राहिले, ती खोली अशी उघडीबोडकी!”

“उशीला झालर कशाला?” थोरली म्हणाली. “उशी काय नाचायला जाणार आहे?”

“वहिनी, हल्ली उशी नुसती झोपायला नसते. दिवसा बघायला असते.”

“दिवसा उशीकडे बघायला या घरात कोण मोकळं आहे?”

धाकटा दीर हसला. तो कारखान्याचा विक्रेता. नमुन्यांची बॅग घेऊन हॉटेलं फिरायचा, आणि गोड इतका बोलायचा की गिऱ्हाईक अभ्रे घ्यायला आलेलं असलं तरी पडदेही घेऊन जायचं. “वहिनी, तुमची निवड काय मग?”

थोरलीने पांढरं पॉपलीन पुढे केलं. “हे. सपाट कड, बोटभर. धुतलं की पुन्हा नवं.”

“प्रसूतिगृहाला जातं ते?” धाकटी म्हणाली. “त्यावर झोपून सकाळी बाळ झालं तर?”

ताई फस्सकन हसली. ताई ही घरची लेक. सासरहून परत आली त्याला आता इतके दिवस झाले होते की तिची बॅग माळ्यावर गेली होती आणि तिचं मशिन खिडकीशी आलं होतं. मशिनला खिडकी मिळाली. ताईची स्वतःची खाट मात्र अजून बोळात, चपलांच्या शेजारी. अण्णा मोठी खोली सोडणार ही कुजबुज घरात आठवडाभर होतीच, आणि काल जेवण झाल्यावर भांडी पुसताना तिने थोरलीला स्वतःहून सांगितलं होतं, “वहिनी, मी तुझ्या बाजूने. भाऊचा खोकला मला बोळात ऐकू येतो.”

“ताई, तुला काय वाटतं?” थोरलीने विचारलं.

ताईने हिरव्या कापडाचं टोक बोटांत धरून चोळलं. “हिरवा बरा वाटतो.”

थोरलीला हिशोब एका दमात कळला. धाकटा वर गेला तर त्याची कोपऱ्यातली हवेशीर खोली ताईची. थोरला वर गेला तर ताईच्या वाट्याला भट्टी. यात रागावण्यासारखंही काही नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं.

“काल वेगळं वाटत होतं तुला,” ती म्हणाली.

“काल मी कापड पाहिलं नव्हतं.”

“कापड नाही, खोली पाहिलीस.”

“हो, पाहिली!” ताईचा आवाज चढला. “तू झोपून बघ चपलांशेजारी! रोज सकाळी ज्याला त्याला माझ्या डोक्यापाशी पाय झटकायचा असतो!”

“अगं ताई, पण मी...” थोरला मध्ये बोलायला गेला आणि त्याला ढास लागली. खोकल्याने त्याचं वाक्य नेहमीप्रमाणे अर्ध्यात कापलं. सगळे टेबलाकडे पाहू लागले.

“हे बघा,” धाकटा बॅग उघडल्यासारखा हात पसरून म्हणाला, “भांडायचं कशाला? अण्णा ठरवतील. आमचं एवढंच आहे की या घरात जागा नसेल तर आम्ही फ्लॅट बघून ठेवलाय. धमकी नाही हो. माहिती.”

अण्णा टेबलाच्या टोकाशी बसून बिस्किट चहात बुडवत होते. बिस्किट बुडालं. ते चमच्याने शोधत म्हणाले, “दोन्ही शिवा. पांढरा थोरला कापेल.” मग चमचा खाली ठेवून: “हिरवा मी.”

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. थोरलीने कुणाकडेच पाहिलं नाही. हिरवा अण्णा. म्हणजे झालं.

थोरल्याने पांढरं कापड पसरलं, खडूची रेघ ओढली आणि कापून मोकळा झाला. त्याच्या कापण्यात पाहण्यासारखं काही नसे, इतकं ते सरळ असे. मग अण्णांनी खिळ्यावरची मोठी कात्री काढली. मूठ काळी पडलेली, वडिलांच्या हातची. हिरव्या कापडावर त्यांनी तळहात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा, आणि कात्री लावली.

कात्रीच्या पात्यांचा आवाज तोच होता, खर्र खर्र, भरदार. पण मध्येच तो थांबायचा, आणि तो थांबला की अण्णांचं मनगट हलताना दिसायचं. एकदा त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरला. अर्ध्या वाटेवर धार रेघ सोडून आत वळली. थोरल्याचा हात आपोआप पुढे आला.

“माझा हात आहे,” अण्णा म्हणाले. “तुझा तुझ्यापाशी ठेव.”

“काय सफाई आहे अजून!” धाकटी म्हणाली. “आमच्या ऑफिसातल्या तरण्याताठ्यांना कागद असा कापता येत नाही.”

कात्री शेवटाला गेली.

ताईने शिवायला घेतलं. ती रागात असली की मशिन फार सुंदर चालवायची. त्या दिवशी झालरीची प्रत्येक चुणी दुसरीची जुळी बहीण होती. दुपार कलताना दोन पांढरे, दोन हिरवे अभ्रे इस्त्रीच्या टेबलावर आले. थोरलीपुढे.

तिने पांढरे घेतले. पट्टी, कोपरे, घडी. जुळले. बाजूला. मग हिरवा उचलला. मऊ लागला हाताला, थंड. मनातल्या मनात तिने कबूल केलं की कापड छान आहे. उलटला. पट्टी लावली. कोपरे एकमेकांवर आणले.

बोटाची दोन पेरं. एवढा फरक.

दुसरा पाहिला. तोही तसाच, शिवाय उलट्या बाजूने.

“झालर आहे ना,” धाकटा हळूच म्हणाला. “झाकून जातंय, वहिनी. उशी आत गेली की कोण बघतंय?”

“अण्णांच्या हातचा शेवटचा ठरला तर?” धाकटी अगदी जवळ येऊन कुजबुजली, आणि यावेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “एक दिवस सोडून द्या ना हो. त्यांच्यासाठी.”

थोरलीने मान वर केली. टेबलापलीकडे तिचा नवरा उभा होता, तोंडावर रुमाल धरून. त्याने किंचित मान हलवली: नको. त्या मानेचा अर्थ तिला इतक्या वर्षांत पाठ होता. जाऊ दे, वाईट दिसेल, मी खोकेन की भट्टीत. टेबलाच्या टोकाशी अण्णा बसले होते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, तिच्या डाव्या हाताकडे बघत होते.

हा अभ्रा गठ्ठ्यात टाकला तर म्हातारा खूश होईल. खूश झालेला म्हातारा कदाचित खोलीही देईल. दोन खिडक्या. समोरासमोर. फक्त हात उजवीकडे न्यायचा.

तिने खडू उचलला. तो एवढासा उरला होता की नखाने धरावा लागला. हिरव्या कोपऱ्यावर तिने फुली मारली. मग दुसऱ्यावर.

“सेकंड?” अण्णांनी विचारलं.

“सेकंड, अण्णा.” तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “दोन्ही.”

या चार अभ्र्यांपुरत्या रविवारीही पेटवलेल्या वाफेच्या बंबाने तेवढ्यात एक लांब सुस्कारा सोडला. घरात त्या क्षणी तोच एक मोकळेपणाने श्वास घेत होता.

अण्णा उठले. टेबलापाशी आले. फुलीवर अंगठा फिरवला, अंगठा निळा झाला. “सकाळी मी काय म्हणालो? सेकंड माल चालणार नाही. तुम्हाला वाटलं मी अभ्र्यांबद्दल बोलतोय.” त्यांनी कात्री उचलून थोरल्यापुढे मुठीकडून धरली. “वर्षभर माझ्या उशीवर माझाच माल साठतोय. मान पार वर आली माझी. मला काय दिसत नाही? वाट बघत होतो, कुणी तोंडाने सांगतंय का. सगळे गप्प. एक ही बया तेवढी रोज खडूने सांगत होती, तिचा राग राग केला मी. धर, थोरल्या. उद्यापासून तू काप.”

थोरल्याने कात्री घेतली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि अर्थातच खोकला आला.

“आणि वर तुम्ही दोघं जा,” अण्णा म्हणाले. “हा खोकला मला खाली ऐकू यायला नको.”

धाकटीचा चेहरा लाल झाला होता. “म्हणजे आम्ही मान राखला तो चुकला?”

“मान राखलास. माप नाही राखलंस.” मग जरा मऊ होऊन, “तुझं वाईट नव्हतं मनात. पण तुझ्या हातात खडू असता तर मी मरेपर्यंत वाकडं कापत राहिलो असतो आणि तुम्ही वाहवा करत.”

“मग आम्ही फ्लॅटचं बघतो,” धाकटा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात साखर नव्हती.

“बघ. माहिती दे.”

ताई इतका वेळ मशिनवर ओणवी होती. “म्हणजे मला भट्टी,” ती म्हणाली.

“रविवारी एरवी बंब बंद असतो,” थोरली म्हणाली. तिला याहून चांगलं काहीतरी सांगायचं होतं, पण सुचलं एवढंच. ताईने तिच्याकडे बघितलं, आणि नाकातून आवाज काढला. तो रडण्याचा होता की हसण्याचा, हे ठरवण्याची पट्टी थोरलीकडे नव्हती.

पांढरे अभ्रे घेऊन सगळी वरात वर गेली. जावं की नाही हे न कळल्याने धाकटा आणि धाकटीही गेली. मोठ्या पलंगावर दोन उशा होत्या, एक अण्णांची, एक सासूबाईंची. त्यांचे जुने, उतरणीच्या पट्ट्यांचे अभ्रे काढले, आणि थोरल्याने अण्णांची उशी पांढऱ्या अभ्र्यात घालायला घेतली.

ती जाईना.

एक कोपरा आत गेला की दुसरा बाहेर. उशीचं डावं टोक गुबगुबीत, उजवं निमुळतं, आणि मध्ये पोट. थोरल्याने गुडघा लावला. धाकट्यानेही, सवयीने, पुढे होऊन दुसरं टोक धरलं. भाऊ दोन बाजूंनी ओढत होते, अभ्रा किरकिरत होता.

“अहो, फाटेल!” थोरली ओरडली.

“उशीच वाकडी आहे!”

“वाकडी कशी असेल?” अण्णा म्हणाले. “घरच्या अभ्र्यावर बेतून भरलीय ती. आईच्या वेळची.”

मग सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. या घरात पहिल्या नंबरचा अभ्रा चढेल अशी एकही उशी नव्हती. गावभरच्या डोक्यांची मापं ज्यांना तोंडपाठ, त्यांच्या घरी सरळ उशी कधी भरलीच गेली नव्हती. शेवटी अण्णांची उशी एका दणक्यात आत गेली आणि आतच अडकली. पांढरा शुभ्र, पहिल्या नंबरचा, चारही कोपरे जुळणारा अभ्रा, आणि आत कुणीतरी बोचकं पळवून नेत असावं तसा फुगवटा. धाकटीला हसू आवरेना. तिला कुणी आवरलंही नाही. ताई पलंगाच्या कडेला बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हलू लागली.

थोरली मात्र खिडकीशी उभी होती. एक उघडली, समोरची उघडली. वारा आरपार गेला. थोरल्याने सवयीने रुमाल तोंडाशी नेला, थोडा वेळ वाट पाहिली आणि खाली घेतला.

अण्णा एव्हाना जिन्याच्या मध्यावर पोहोचले होते. एक पायरी, थांबा, एक पायरी. सगळ्यात खाली गेल्यावर त्यांनी हाक मारली.

“थोरले!”

कितीतरी महिन्यांनी. तिने कठड्यावरून वाकून पाहिलं. “काय अण्णा?”

“माझी उशी त्या पांढऱ्यातून सोडव. आणि तो हिरवा चढवून दे, फुली मारलेला. तो बसेल बरोबर.” ते दोन पावलं गेले आणि परत वळले. “झालर तेवढी उसव मात्र. कानात गुदगुल्या होतात.”